येसूची सावड

बोरीच्या पाड्यावर येसू एकच होती, पण सरकारी कागदांवर ती बऱ्याच ठिकाणी होती. ती सदस्य नसलेल्या एका बचत गटाच्या फोटोत मागच्या रांगेत पदर पुढे ओढून बसलेली बाई तीच. ग्रामसभेला माणसे कमी पडली की तिला बोलावणे येई आणि ती दोन नावांना हजर म्हणे, एकदा स्वतःच्या आवाजात आणि एकदा जरा बारीक आवाजात. रेशनच्या रांगेत ती तीन घरांच्या पिशव्या घेऊन उभी राही. पुढे दुकानात अंगठ्याचे यंत्र आले तेव्हा तिला मनापासून वाईट वाटले. माणूस दुसऱ्याच्या जागी उभा राहू शकतो, अंगठा राहू शकत नाही, हे तिला सरकारचे कोतेपण वाटले.

यात आपण कोणाला फसवतो असे तिला कधी वाटले नाही, कारण पाड्यावरचे सगळे कामच असे चाले. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. याला सावड म्हणतात. लावणीला सावड, कापणीला सावड, लग्नाच्या भाकऱ्यांना सावड. कोणाच्या बदली कोण आले हे कोणी विचारत नाही. कामाला हात पुरले की झाले. शेणव्याहून आत येणारा डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढे वीस मिनिटे चालल्यावर जी चौतीस घरे लागतात, ती या एका शब्दावर उभी आहेत असे म्हटले तरी चालेल. त्यात येसूला सावडीची गरज इतरांपेक्षा जास्त. नवरा भिमा ट्रकवर क्लीनर होता, कसारा घाट चढून इंदूरपर्यंत जाई. अकरा वर्षांपूर्वी तो तापाने गेला. मागे राहिली अठरा गुंठे भातजमीन आणि कुणाली नावाची मुलगी. कुणालीचे गेल्या वर्षी मुरबाडकडे लग्न झाले. आता येसू सत्तेचाळीस वर्षांची होती, घरात एकटी होती, आणि भाताची लावणी एकट्या बाईने करण्याची गोष्ट नव्हे.

उपकेंद्रातली नर्स मिताली आली ती नेमकी लावणीत. मिताली शेजारच्या मुरबाड तालुक्यातली, वय सव्वीस. तिची स्कूटर चिखलात दोनदा पडली होती आणि ते स्कूटरवर आणि मितालीवर सारखेच दिसत होते. तीस वर्षांवरच्या बायकांसाठी तिने पुड्या आणल्या होत्या, पाड्याच्या वाट्याला पहिल्या खेपेत चारच. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी होती. आत काजळाच्या कांडीएवढा एक मऊ ब्रश आणि झाकणाची नळी.

बांधावर उभी राहून तिने समजावले. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो. तो व्हायच्या कितीतरी वर्षे आधी तिथे एक विषाणू येऊन बसतो. तो आहे का हे या ब्रशने कळते. डॉक्टरसमोर झोपायचे नाही, कोणी बघायचे नाही. घरी निवांत, एकांतात ब्रश आत घालायचा, पाच वेळा फिरवायचा, नळीत ठेवायचा. उद्या सकाळी ती न्यायला येईल.

बोलणे सोपे होते. अडचण एकांताची होती. पाड्यावरच्या घरात चूल असते, उखळ असते, कोंबड्यांची जागा असते. एकांत बांधायचा राहून गेलेला असतो.

मिताली गेल्यावर येसूच्या अंगणात चौघी बसल्या. रखमी तेहतीस वर्षांची, दोन मुलींची आई. हौसा येसूहून थोडी लहान आणि जिभेने बरीच मोठी. जनी फारसे बोलत नसे.

"मला नाय जमायचं काकी," रखमी म्हणाली. "घरात सासू, पोरी. आणि तसलं काय... नाय गो."

"माझी पिशवी माझ्यापाशी राहूं दे," हौसा म्हणाली. "सरकारनं ऑपरेशनच्या टायमाला एकदा बघितली, बस झाली."

जनी काही बोलली नाही. तिचा नकार तसाच असे.

"मग पुड्या कोऱ्याच परत देणार काय?" येसू म्हणाली. "ती पोर चिखलात पडत आली. तिला चार न्यायच्यात."

"मग काय करायचा?"

"आणा हिकडं. माझी एक करायचीच हाय, तिच्याबरोबर चारी करते. उद्या माझ्या लावणीला येणार ना तिघी?"

"येणारच की. सावडच हाय तुझी."

"झालं तर मग."

आणि खरेच झाले. तिघींनी दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून येसूचे अठरा गुंठे लावले आणि येसूने त्याआधी कुडाच्या न्हाणीत बसून त्यांच्या वाटचे काम उरकले. सावडीत चोरी करायची नसते. तिने प्रत्येक ब्रश सांगितल्याप्रमाणे पाच वेळा फिरवला, म्हणजे एकूण वीस. चौथ्या वेळी जरा कंटाळा आला, पण त्या नळीवर रखमीचे नाव होते, म्हणून तिने एकही फेरा कमी केला नाही.

भात गुडघाभर झाले तेव्हा मिताली परत आली. या वेळी कपडे स्वच्छ होते, चेहरा मात्र ठीक नव्हता. एकेकीला बोलवायचे, दुसरीला कळू द्यायचे नाही, असे तिला शिकवलेले होते. त्याप्रमाणे तिने एकेकीला अंगणवाडीच्या मागे नेले. समोरच्या ओट्यावर निम्मा पाडा बसून कोण किती वेळ तिकडे आहे ते मोजत होता. चौघी बाहेर आल्या आणि चौघींच्या हातात सारखीच चिठ्ठी होती. विषाणू आढळला. पुढील तपासणीसाठी शहापूरला यावे.

मितालीने प्रत्येकीला सांगितले होते, "हा कॅन्सर नाही." असे ती चार वेळा म्हणाली. त्यातला 'कॅन्सर' चौघींनी ऐकला.

पुढे तिने असेही सांगितले होते की हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेक बायकांना येतो आणि बहुतेकींचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींचा ठाण मांडून बसतो, त्यांच्याकडेच पुढे बघावे लागते. हे कोणाच्या लक्षात राहिले नाही, कारण हौसाने मध्येच विचारले, "पण येतो कुठून?" आणि मिताली प्रामाणिक होती. "नवराबायकोच्या संबंधातून," ती म्हणाली, "पण कधी आला, कोणाकडून आला, हे सांगता येत नाही." संध्याकाळपर्यंत या वाक्याचा पहिला भाग चौतीस घरांत पोचला. दुसरा भाग अंगणवाडीच्या मागेच राहिला.

इतर पाड्यांवर शंभर बायकांत पाच-सहा जणींना विषाणू निघाला होता. बोरीच्या पाड्यावर चारांत चार. हा आकडा वर गेला आणि वर कोणाला तरी तो महत्त्वाचा वाटला. आठ दिवसांत एक माणूस आला, त्याने विहिरीचे पाणी बाटलीत भरून नेले, जाताना विहिरीत पावडर टाकली आणि पाड्याच्या आसपास काही कारखाना वगैरे आहे का, असे विचारले. नव्हता. त्याने तसे लिहून घेतले.

पाड्याची स्वतःची चौकशी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर संध्याकाळी बसणाऱ्या पुरुषांनी केली. ती जास्त सरळ होती. चार बायका, एकच आजार, तो माणसाकडून येतो. तर चौघींच्या वाटेत एकच माणूस कोण? दिनेश. पाड्यावरची एकुलती जीप त्याची. दर शुक्रवारी चौघी तिच्यात बसून शहापूरच्या बाजाराला जात. दिनेश एकतीस वर्षांचा, लग्न न झालेला आणि जीपमध्ये मोठ्याने गाणी लावणारा. एवढा पुरावा पुरेसा होता. वास्तविक बाईमाणूस गाडीत बसले की तो पाठीमागचे बघायचा आरसादेखील वर करून ठेवी, इतका लाजाळू. पण लाजाळूपणा हाही संशयितांच्या बाजूने जात नाही. दिनेशने गाणी बंद केली. त्यावरून मोरीवर ठरले की आता खात्री झाली.

रखमीचा नवरा देवजी कसाऱ्याजवळ रेल्वेलाइनवर ठेकेदाराकडे कामाला होता. पहाटे खर्डीला जायचे, लोकल धरायची, दिवसभर रुळांखाली खडी भरायची, परत यायचे. माणूस वाईट नव्हता. पोरींच्या वेण्या तो स्वतः घाली, आणि बऱ्या घाली. पण तो घाबरला. कामावरच्या एकाला विचारले, मग मोबाइलला विचारले. मोबाइलने त्याला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्यातल्या बहुतेक मितालीने सांगितलेल्याच होत्या. त्याने एकच धरली.

"माझ्याकडून नाय," तो रखमीला म्हणाला. "मी खडी भरतो न घरी येतो. दुसरं माझ्याकडं काय नाय. मग कोणाचा?"

रखमीने तव्यावरची भाकरी उलटली.

"दिन्याचा?"

"काय पण बोलता."

"मग बोल ना."

ती बोलली नाही. तो चिडला नाही, हे जास्त वाईट झाले. दोन दिवस विचार करून त्याने शांतपणे सांगितले की गौरी गेल्या की तिने मुरबाडला आईकडे जावे आणि दुसरा रिपोर्ट चांगला येईपर्यंत तिकडेच राहावे. पोरी इथेच राहतील. आणि चांगला नाही आला तर? ते तेव्हा बघू.

रखमीच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, नळी आपली नव्हती हे तिला माहीत होते, तरी चिठ्ठी आपली नाही असे तिला छातीठोकपणे म्हणता येईना. कागदावर नाव आले की ते आपलेच होते, असा तिचा सरकारचा अनुभव होता. जॉबकार्डावर तिचे नाव चुकून लक्ष्मी पडले होते आणि नऊ वर्षे ती रोजगार हमीच्या कामावर लक्ष्मीला ओ देत होती. आजाराचेही तसेच असले तर? दुसरी गोष्ट तिने फक्त हौसाला आणि जनीला सांगितली.

येसूला सगळे पहिल्या संध्याकाळीच कळले होते. तिने चारही चिठ्ठ्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. वाचता येत नव्हते, पण चारही सारख्या आहेत हे दिसत होते, आणि का सारख्या आहेत हे पाड्यावर तिच्याइतके स्पष्ट कोणालाच दिसत नव्हते. विहिरीच्या माणसाला त्या दिवशी ती एका वाक्यात मोकळे करू शकली असती. केले नाही.

तिला दोन प्रकारची भीती होती. एक जगाची. अकरा वर्षे नवरा नसलेल्या बाईला नवराबायकोचा आजार निघतो, याचा अर्थ मोरीवर काय लावतील हे तिला ठाऊक होते; आणि मोरीवर लावलेला अर्थ मुरबाडपर्यंत जायला दोन शुक्रवार पुरतात. कुणालीच्या सासरी जाईल. वर्षसुद्धा धड झाले नाही पोरीला. दुसरी भीती तिची एकटीची होती आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. एका चिठ्ठीचा आजार आणि चार चिठ्ठ्यांचा आजार यांत फरक असणार, असे तिला वाटत होते. बाकीच्या पाड्यांवरच्या बायकांना एकेकच निघाला होता. तिला चार निघाले होते.

गौरी गेल्या त्या दिवशी दुपारी हौसा तिच्याकडे आली आणि उंबऱ्यावर बसली.

"उद्या रखमी चालली."

"ऐकलंय."

"पोरी ठेवून चालली. दिन्याच्या जीपनं पण नाय, शेणव्यापर्यंत चालत. देवजी म्हणतो, त्याच्या गाडीत बसायचं नाय."

"मग ती बोलत का नाय? तोंड हाय ना तिला?"

"तूच सांग ना ती का बोलत नाय ते. नळी माझी नाय बोलली, तर पुढचं काय? मग कोणाची? मग तुझ्यावर येतंय. काकीच्या मागं कोण हाय, बोलते. माझा निदान नवरा हाय बोलते."

"असा बोलली?"

"आमाला शपथ घातलीन. जनीला पण. जनीला घालायची गरज नव्हती म्हणा."

हौसा उठली, पदर झाडला. "मी शपथ मोडली, तर आता माझंच वाटोळं व्हायचं. चहा पण नाय दिलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीसमोर मिताली उभी होती. चौघींना शहापूरला तपासणीला न्यायचे म्हणून ती तिसऱ्यांदा आली होती आणि चौघींतली एकही तयार नव्हती. तिथूनच देवजी गाठोडे खांद्यावर घेऊन निघाला होता, मागून रखमी, आणि तिच्या मागून तिची सासू, जी सुनेला पोचवायला येते आहे की गेल्याची खात्री करायला, हे सांगणे कठीण होते. ओट्यावर नेहमीची माणसे होती. येसू आली ती वाटेच्या मधोमध उभी राहिली.

"देवजी, गाठोडं खाली ठेव."

"काकी, तुमी यात पडू नका."

"मीच पडलीय यात. तू बाजूला हो." ती मितालीकडे वळली. "सिस्टर, त्या चार नळ्या. त्या चारी माझ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे नावं चौघींची, न ब्रश मी एकटीनं फिरवले. तिघींनी माझी लावणी केली, मी त्यांच्या नळ्या. सावड केली."

मितालीच्या डोळ्यांसमोरून काय काय गेले असेल याची कल्पना करता येते. वर गेलेला आकडा, खाली आलेला माणूस, बाटली, पावडर, आणि तिच्या स्वतःच्या हातचा पाच पानी अहवाल. ती अंगणवाडीच्या पायरीवर बसली.

"चारही, मावशी?"

"पाच-पाच फेरे केले. तुमी सांगितलं त्यात कमी केलं नाय."

देवजीने गाठोडे खाली ठेवले. "रखमे, खरं काय?"

रखमीने आधी येसूकडे पाहिले. येसूने मान हलवली. "हो," रखमी म्हणाली.

"मग मला बोलली का नायस?"

"बोलले असते तर काकीवर गेलं असतं."

देवजीला पुढे जे विचारायचे होते ते त्याच्या आईने विचारले. म्हाताऱ्या माणसांना ती सोय असते.

"मग येसूला कुठून आला गो?"

येसू या प्रश्नाला वीस दिवस घाबरत होती. तो समोर आला तेव्हा तो एका बोळक्या तोंडातून आलेला साधा प्रश्न होता.

"भिमाला जाऊन अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "कसारा, नाशिक, इंदूर, सगळीकडं फिरला तो. जाताना मला अठरा गुंठे ठेवले, एक पोर ठेवली, न हे पण त्यानंच ठेवलं असंल. मला बोलून गेला नाय. तुमी माझ्या आधी भेटाल त्याला, तुमीच विचारा."

हौसा हसली. मग ओट्यावरही कोणी तरी हसले, आणि म्हातारीदेखील, जरा उशिराने.

मिताली उठून उभी राहिली. "दहा वर्षं, पंधरा वर्षंसुद्धा गप्प बसतो हा विषाणू," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. एकेकीला आडोशाला नेऊन सांगण्याचा काही उपयोग नाही हे तिला आता कळले होते. "कोणाकडून आला हे डॉक्टरला कळत नाही, मशीनला कळत नाही. मोरीवर बसणाऱ्यांना तर नाहीच कळत. आणि हा कॅन्सर नाही."

या वेळी 'नाही' ऐकू गेले.

येसू तिच्याजवळ गेली आणि हळू आवाजात विचारले, "सिस्टर, चार चिठ्ठ्या आल्या म्हणजे मला चौपट झालाय काय?"

"नाही मावशी. एकच. चार वेळा लिहिला म्हणून चार होत नाही."

"एकच?"

"एकच."

येसूने श्वास सोडला. तिच्या हिशेबाने ती त्या क्षणी पाऊण बरी झाली होती.

मुरबाडला बातमी जायच्या आधी तिने स्वतःच कुणालीला फोन केला. जे झाले ते पहिल्यापासून सांगितले. मग कुणाली म्हणाली, "आई, सासूबाई शेजारीच हायत. त्यांनी ऐकलं सगळं. थांब, देते त्यांना." कुणालीच्या सासूचे नाव निर्मला. लग्नात ती मानपानावरून दोनदा रुसली होती.

"विहीणबाई," निर्मला म्हणाली, "आमच्याकडं पण आलाय तो ब्रश. फळीवर पडलाय. दुखतंय का हो ते?"

"नाय," येसू म्हणाली. "चार वेळा केलंय मी. एकदा पण दुखलं नाय."

शहापूरला चौघी एकत्र गेल्या, दिनेशच्या जीपने. देवजीने स्वतः रखमीला गाडीत बसवले आणि दिनेशच्या खांद्यावर हात ठेवला. तो बहुधा माफी मागत होता, पण म्हणाला, "टायरमधी हवा बघ." दिनेश म्हणाला, "बघतो." शेणवा मागे पडल्यावर त्याने गाणी लावली, आधी अगदी हळू.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी येसूला तपासले. पिशवीच्या तोंडाला औषध लावले की तिथे एक पांढरा डाग उठत होता. त्यांनी तो तिला पडद्यावर दाखवला. मेथीच्या दाण्याएवढा. "हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "पण तसाच ठेवला तर काही वर्षांनी होऊ शकतो. म्हणून आत्ताच उष्णता देऊन जाळून टाकायचा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. घाबरू नका."

"म्हंजे राब भाजायचा," येसू म्हणाली.

डॉक्टरीणबाई पुण्याच्या होत्या. त्यांनी मितालीकडे पाहिले. मितालीच्या घरी भातशेती होती. तिने सांगितले: पावसाच्या आधी, जिथे रोप टाकायचे त्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरून जाळतात. जमिनीतले तणाचे बी उगवायच्या आत मरते. मग रोप चांगले येते.

"अगदी तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपण पाच वर्षे ज्यासाठी शब्द शोधत होतो तो असा आयता मिळाल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

"मग भाजा. तण वाढल्यावर बेणायला कोण बसतंय."

तीन मिनिटे लागली. पोटात मुरडा आल्यासारखे झाले, तेवढेच. वर्षाने परत दाखवायला या, असे सांगितले. तोवर पडद्यापलीकडे रखमी, हौसा आणि जनी आपापले ब्रश घेऊन एकेक करून आत जात होत्या. या वेळी मिताली दाराशी उभी होती आणि आत जाणारी बाई आणि नळीवरचे नाव यांचा मेळ घालत होती. जनी बाहेर आली आणि म्हणाली, "एवढंच?" वर्षातले तिचे ते बहुधा सर्वांत ठाम मत होते.

पाच पानी अहवालाचे काय झाले ते सांगता येत नाही. मितालीने दुरुस्तीचे पत्र पाठवले. ते पोचले असावे किंवा नसावे. पण बोरीच्या पाड्याच्या विहिरीत अजून दर पंधरा दिवसांनी माणूस येऊन पावडर टाकतो. पाड्यावर जुलाब कमी झाले आहेत. मिताली आता इतर पाड्यांवर जाते तेव्हा विषाणूपासून सुरुवात करत नाही, राबापासून करते. बायका माना हलवतात. राब का भाजायचा हे कोणाला शिकवावे लागत नाही.

कापणीच्या आधी तिघींच्या चिठ्ठ्या आल्या. रखमीची मोकळी. जनीची मोकळी. हौसाच्या चिठ्ठीवर तेच लिहिले होते जे आधीच्या चारांवर होते.

हौसा त्या संध्याकाळी येसूच्या उंबऱ्यावर येऊन बसली. येसूने न सांगता चहा टाकला.

"तुझ्यापायी शपथ मोडली मी," हौसा म्हणाली. "बघ."

"शपथ मोडून होत असता तर देवजीच्या आईला पहिला झाला असता."

हौसा हसली नाही. तिने चहा बशीत ओतला. मग म्हणाली, "माझी कापणी लागलीय येसू. शुक्रवारी बोलावलंय. तुला तिथलं सगळं माहीत हाय. पडदा माहीत, बाई माहीत. तूच जा ना गो माझ्या नावानं."

ती थट्टा करते आहे असे येसूला आधी वाटले. मग तिने बघितले तर हौसाने हातातल्या बशीला तोंडही लावले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा हौसाला थट्टा सुचत नव्हती, ती खरेच तेच मागत होती.

"ह्याची सावड होत नाय हौसे," येसू म्हणाली. "मी करून बघितली. चार घरं आजारी पाडली, न तुझी पिशवी कोणीच बघितली नाय. तेव्हाच बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं."

"न मोठा डाग असला तर?"

"तर मोठा दिसंल. बाई सांगंल काय करायचं ते. इथं बसून लहान व्हायचा नाय तो. आणि आधी दिसू तर दे, चिठ्ठी आली म्हणजे डाग असतोच असं नाय. मिताली बोलली ना. बहुतेकींचा आपोआप जातो."

"असा बोलली ती?"

"पहिल्या दिवशीच बोलली. तू मधेच विचारलंस, कुठून येतो म्हणून."

हौसाने बशी खाली ठेवली. "न तू?"

"मी येते. जीपमधी बसते, पडद्यापर्यंत येते. आत तू जायचं."

शुक्रवारी सकाळी दिनेशची जीप दोघींना घेऊन शहापूरला गेली. हौसाच्या शेतात विळे घेऊन रखमी आणि जनी उतरल्या, आणि थोड्या वेळाने, त्या दिवशी कामावर खाडा करून, देवजी. ती सावड मात्र होते.